नाकतोड्यांची यादी आणि तिच्यामागील क्षेत्रकार्य : उष्ण कटिबंधीय पर्वत व वर्षावनांच्या संदर्भात

प्रस्तावना

डोंगराळ भागातील अनेक महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग परिसरातील कीटकांच्या याद्या प्रसिद्ध करीत असतात. अशा यादीत नाकतोड्यांच्या वीस जाती असतील, तर त्या परिसरात वीसच जाती आहेत असा अर्थ वाचक सहज काढतो. वस्तुतः हा आकडा जितका परिसराचा तितकाच शोधणाऱ्याचाही असतो. तो कोणत्या महिन्यात गेला, किती उंचीपर्यंत चढला, दिवसा फिरला की रात्री, यांवर तो ठरतो. सह्याद्रीतील एखाद्या सड्यावर खाण किंवा विश्रामगृहांची वसाहत होण्याची वेळ येते, तेव्हा तेथे काय होते हे सांगणारा पुरावा बहुधा अशी यादीच असते. म्हणून ती कशी तयार होते हे पाहणे अगत्याचे आहे.

पंख गमावलेल्या जाती

पर्वतांवरील नाकतोड्यांच्या अभ्यासाचा उत्तम दाखला टांझानियात सापडतो. स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ इंग्वे शोस्टेट यांच्या मोहिमेने १९०५-०६ मध्ये किलीमांजारो व मेरू या ज्वालामुखी पर्वतांवरून मोठा कीटकसंग्रह नेला. पुढे १९९० च्या दशकापासून क्लाउडिया हेम्प यांनी त्याच प्रदेशात दीर्घकाळ काम करून अनेक नव्या जातींचे वर्णन केले. या दोन पर्वतांमध्ये अंतर सुमारे ७० किलोमीटरच. तरीही पॅरास्फेना या उडता न येणाऱ्या वंशाची किलीमांजारोवर एक जाती, तर मेरूवर दुसरी. उंचावरील थंड गवताळ पट्ट्यात पंखांवर शक्ती खर्च करण्यात फारसा लाभ नसतो. पण पंख गेले की मधले उष्ण मैदान ओलांडण्याचा मार्गही बंद होतो. प्रत्येक शिखर मग बेटासारखे होते. अशी जाती त्या शिखरावरून नाहीशी झाली, तर ती जगातूनच नाहीशी होते. सर्वेक्षकाने उडून जाणाऱ्या ठळक नाकतोड्यांमागे धावण्यापेक्षा गवताच्या बुंध्याशी दडलेल्या आखूड पंखांच्या नाकतोड्यांकडे अधिक लक्ष द्यावे, ते यासाठी.

येथेच एक मोठी चूक संभवते. पूर्ण वाढ न झालेल्या पिलालाही आखूड पंखच दिसतात. प्रस्तुत लेखकाने आपल्या पहिल्या क्षेत्रभेटीत ‘आखूड पंखांची जाती’ म्हणून मोठ्या उत्साहाने नोंदविलेले चार नमुने नंतर सामान्य जातीची पिले निघाली. ओळखण्याची खूण साधी आहे. वाढीच्या शेवटच्या टप्प्यांत पिलाच्या पंखकळ्या उलट्या वळलेल्या असतात व मागच्या पंखाची कळी पुढच्यावर येते. प्रौढ नाकतोड्यात, पंख कितीही आखूड असोत, पुढचा पंखच वर असतो. भिंगातून हे सहज दिसते.

ऋतू आणि वेळ

सह्याद्रीत बहुतेक नाकतोड्यांची अंडी जमिनीत असतात. पहिल्या पावसानंतर पिले बाहेर पडतात आणि प्रौढ मोठ्या संख्येने दिसतात ते सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात. आपल्या सहली मात्र परीक्षा संपल्यावर, गवत वाळल्यावर निघतात! अपवाद आहेतच. बॉम्बे टोळ प्रौढावस्थेतच कोरडा काळ काढतो व पावसाच्या आरंभी अंडी घालतो. १९०३-०४ मधील त्याच्या उपद्रवाचा अभ्यास लेफ्रॉय यांनी केला होता. उन्हाळ्यातील यादीत अशाच जाती अधिक येणार.

वर्षावनात अडचण निराळी. तळाशी प्रकाश कमी, त्यामुळे गवतही कमी. आखूड मिशांचे नाकतोडे उन्मळून पडलेल्या वृक्षाजवळच्या उजेडात, ओढ्याकाठी किंवा पायवाटेच्या कडेला शोधावे लागतात. लांब मिशांचे नाकतोडे व रातकिडे यांचे जग रात्री जागे होते आणि त्यांतील अनेक जाती वृक्षछत्रात राहतात. तेथे हातजाळी पोहोचत नाही. पनामात टेरी अर्विन यांनी झाडावर कीटकनाशकाचा धूर सोडून खाली पडणारे कीटक गोळा केले. त्यावरून १९८२ मध्ये त्यांनी संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी जातींचा अंदाज मांडला, जो पुढे फार कमी करावा लागला. आपल्या महाविद्यालयांना अधिक जवळचा मार्ग म्हणजे आवाज. कर्नाटकातील कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात स्वाती दिवाकर व रोहिणी बालकृष्णन यांनी या कीटकांच्या हाकांचा अभ्यास केला. निरनिराळ्या जाती जंगलाच्या निरनिराळ्या उंचीवरून गातात, असे त्यांनी २००७ मध्ये दाखविले. मात्र कोणता आवाज कोणाचा हे ठरविण्यासाठी गाणारा कीटक एकदा तरी हाती यावाच लागतो.

नमुना आणि नोंद

वन विभागाची लेखी परवानगी घेऊनच संकलन करावे. वाळल्यावर नाकतोड्याचा हिरवा रंग तपकिरी होतो, म्हणून जिवंतपणीच छायाचित्र घ्यावे. मागच्या पायाला धरल्यास तो पाय टाकून देतो. मोठ्या नमुन्याचे पोट चिरून आतडे काढले नाही, तर तो कुजतो. एक पाय शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवल्यास पुढे डीएनए तपासता येतो.

नाव देण्याच्या बाबतीत आपण फार घाई करतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कर्बी यांचा १९१४ चा ग्रंथ अजूनही उपयोगी आहे, परंतु त्यानंतर वर्गीकरण बरेच बदलले. अनेक वंशांत केवळ छायाचित्रावरून जाती ठरत नाही. नराच्या जननांगांची रचना पाहावी लागते. अशा वेळी वंशापर्यंतच नाव द्यावे व नमुना क्रमांकासह जपून ठेवावा. नमुना जपला असेल, तर चुकीचे नाव वीस वर्षांनीही दुरुस्त करता येते.

प्रत्येक टाचणीखाली स्थळ, उंची, तारीख, अधिवास व संकलकाचे नाव हवे. नोंदवहीत आणखी एक रकाना असावा : किती जणांनी किती तास शोध घेतला. ज्या सड्यावर चार तास फिरून काहीच मिळाले नाही, तेथील शून्यही तारखेसह त्याच वहीत लिहावे.