तारखेच्या अलीकडचे आणि पलीकडचे

दरवर्षी १७ डिसेंबरला तालुक्याच्या गावी, एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्या सभागृहात सेवानिवृत्तांचा मेळावा भरतो. पंचाहत्तरी गाठलेल्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, कोषागारातले अधिकारी हयातीच्या दाखल्याबद्दल चार गोष्टी सांगतात, थकबाकीचा विषय निघतो आणि मग जेवणाच्या पंगती बसतात. या दिवसाला पेन्शनर दिन म्हणतात. भाषणांत एक नाव हमखास येतं, ते डी. एस. नकारा यांचं. जमलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ‘नकारा केस’ एवढंच ठाऊक असतं. हे गृहस्थ कोण होते आणि त्यांनी नेमकं काय मागितलं होतं, हे मात्र सविस्तर कुणी सांगत नाही. ते सांगायला हवं, कारण आज लाखो घरांत दरमहा जी रक्कम बँकेत जमा होते, तिच्यामागचं मोठं तत्त्व या माणसाच्या अर्जातून आलेलं आहे.

नकारा केंद्र सरकारच्या सेवेत होते. संरक्षण मंत्रालयात आर्थिक सल्लागार या पदावरून ते १९७२ मध्ये निवृत्त झाले. आयुष्य हिशेबात गेलेलं. त्यांचं मूळ निवृत्तिवेतन ठरलं महिना ६७५ रुपये. महागाईची भर धरूनही आकडा हजाराच्या आतच राहत होता. त्या काळच्या नियमांत ते बसत होतं, म्हणून तक्रारीला जागा नव्हती. जागा निर्माण केली ती सरकारच्याच एका आदेशाने.

२५ मे १९७९ रोजी केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचं सूत्र उदार केलं. पूर्वी शेवटच्या ३६ महिन्यांच्या वेतनाची सरासरी धरली जाई, आता शेवटच्या १० महिन्यांची धरायची ठरली. पगार वरवर चढत जातो, त्यामुळे सरासरीचा काळ आखडला की रक्कम आपोआप वाढते. शिवाय टप्प्यांची पद्धत आली. सरासरी वेतनाच्या पहिल्या १००० रुपयांवर ५० टक्के, पुढच्या ५०० रुपयांवर ४५ टक्के आणि उरलेल्यावर ४० टक्के. कमाल मर्यादाही महागाईची भर धरून १५०० रुपयांवर नेली. निर्णय चांगलाच होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सैन्यदलांनाही तो लागू झाला. अडचण होती एका अटीत: जे ३१ मार्च १९७९ रोजी सेवेत होते आणि त्या दिवशी किंवा त्यानंतर निवृत्त झाले, त्यांनाच हा लाभ.

सरकारी नोकर महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे एकाच कार्यालयातले, एकाच हुद्द्यावरचे, सारख्याच सेवेचे दोन कारकून डोळ्यांसमोर आणा. एक फेब्रुवारीअखेर घरी गेला, दुसरा मार्चअखेर. जन्मतारखेतलं काही दिवसांचं अंतर, एवढाच काय तो फरक. दुसऱ्याची सरासरी समजा १२०० रुपये निघाली. पहिल्या हजाराचे ५०० आणि वरच्या दोनशेचे ९०, असे महिना ५९० रुपये त्याच्या हाती. पहिल्याचा हिशेब मात्र ३६ महिन्यांच्या जुन्या सरासरीने, जुन्या दराने. दोघं एकाच वाण्याकडून तूरडाळ आणणार, एकाच दवाखान्यात रांगेला उभे राहणार. महागाईने त्यांच्यात भेद केला नव्हता. महागाईवरचा उतारा म्हणून काढलेल्या आदेशाने तो केला.

नकारांना हा भेद खटकला. सैन्यातून निवृत्त झालेले एक अधिकारी दुसरे अर्जदार झाले आणि तिसरी अर्जदार होती ‘कॉमन कॉज’ ही संस्था. ती उभी केली होती एच. डी. शौरी यांनी, तेही सरकारी सेवेतूनच आलेले. पत्रकार आणि पुढे केंद्रीय मंत्री झालेले अरुण शौरी हे त्यांचे चिरंजीव. पण वडिलांचं काम मला अधिक मोलाचं वाटतं. साहेबाच्या खुर्चीवरून उतरल्यावर बहुतेक अधिकारी आठवणी लिहितात. शौरींनी १९८० मध्ये, उतारवयात, सामान्य माणसाची गाऱ्हाणी कोर्टात नेण्यासाठी संस्था काढली आणि वकिलीची सनद नसताना अनेकदा स्वतः न्यायमूर्तींपुढे उभे राहिले. नियम कसे लिहिले जातात, टिपणी कुठल्या टेबलावर अडते, वित्त विभाग कोणता आक्षेप घेतो, हे त्यांना आतून माहीत होतं. सेवेतली सगळी शिदोरी त्यांनी सेवेबाहेर आल्यावर वापरली.

या खटल्यात अशी संस्था अर्जदार होऊ शकते का, असाही प्रश्न निघाला. वृद्ध, विखुरलेले, तुटपुंज्या उत्पन्नाचे निवृत्त लोक एकेकटे कोर्टाची पायरी चढू शकत नाहीत, हे लक्षात घेऊन न्यायालयाने संस्थेला दार उघडं ठेवलं.

पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड. मराठी वाचकाला ओळखीचं आणखी एक नाव पीठावर होतं, ते न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर यांचं. निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. १७ डिसेंबर १९८२ रोजी तो जाहीर झाला. निवृत्तिवेतन हा हक्क आहे, हे देवकीनंदन प्रसाद खटल्यात १९७१ मध्येच ठरलं होतं. आता न्यायालय पुढे गेलं. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही, ऐन उमेदीत केलेल्या कामाचा मागाहून मिळणारा मोबदला आहे आणि म्हातारपणी माणसाला मानाने जगता यावं यासाठीची सामाजिक तरतूदही आहे, असं त्यांनी मांडलं. मग सरकारला विचारलं की सगळे निवृत्त हा एकच वर्ग असेल, तर त्याचे दोन तुकडे करणाऱ्या या तारखेमागे तर्क कोणता? अठ्ठेचाळीस तासांच्या अंतराने निवृत्त झालेल्या दोघांना वेगळी वागणूक देण्याचं समर्थन सापडेना. संविधानाच्या १४व्या कलमातल्या समानतेशी ते विसंगत ठरलं.

सगळी योजना रद्द करण्याचं कारण नव्हतं. न्यायालयाने आदेशातून ती अट तेवढी कापून काढली आणि सूत्र सर्व निवृत्तांना लागू केलं, मात्र १ एप्रिल १९७९ पासून. त्याआधीच्या वर्षांची थकबाकी नाही. मेळाव्यांतल्या भाषणांत हा निकाल पुष्कळदा ताणला जातो, म्हणून इथे नेमकं सांगतो. सगळ्यांना सारखी रक्कम द्या, असं नकारा निकाल म्हणत नाही. सूत्र सारखं लावा, असं म्हणतो. म्हणूनच भविष्य निर्वाह निधीचा पर्याय घेतलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांना १९९० मध्ये कृष्णकुमार खटल्यात या निकालाचा आधार मिळाला नाही. त्यांचा वर्गच वेगळा, असं न्यायालयाने ठरवलं.

हयात निवृत्तांचं काम इथे मार्गी लागलं, पण त्यांच्या बायकांचं नाही. मला स्वतःला या साऱ्या इतिहासातला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. १ जानेवारी १९६४ पासून केंद्रात कुटुंब निवृत्तिवेतनाची योजना आली. त्याआधी नोकरदार गेला की मागे राहिलेल्या बाईला मिळे ते मर्यादित मुदतीचं, तेही अटींवर. नव्या योजनेतही सुरुवातीला उपदानातून दोन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम कापून घेतली जाई. ही कपात सप्टेंबर १९७७ मध्ये थांबली. पण १९६४ पूर्वी ज्यांचं कुंकू पुसलं गेलं त्या विधवा बाहेरच राहिल्या. पुन्हा एक तारीख, पुन्हा एक रेघ, आणि या वेळी रेघेपलीकडे होत्या स्वतःची कमाई नसलेल्या, बहुतांश कमी शिकलेल्या, वय झालेल्या स्त्रिया. कार्यालयात अर्ज कुणाकडे द्यायचा, हेही अनेकींना माहीत नसेल. पूनामल खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १९८५ च्या निकालाने त्यांना २२ सप्टेंबर १९७७ पासून कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. या विधवांसाठी झगडणाऱ्यांत ‘कॉमन कॉज’ होती.

तिसरं काम पेन्शन विकण्याचं. नियमांच्या पुस्तकात त्याला अंशराशीकरण म्हणतात, पण कोषागाराच्या बाकावर सगळे विचारतात, “पेन्शन विकली का?” मुलीचं लग्न, घराचं उरलेलं कर्ज, यासाठी निवृत्त माणूस निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी उचलतो आणि तेवढी रक्कम दरमहा कापली जाते. १९७१ च्या तक्त्याप्रमाणे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचा गुणक होता १०.४६. महिना १०० रुपये विकले तर १०० गुणिले १२ गुणिले १०.४६, म्हणजे १२,५५२ रुपये हाती. वर्षाला १२०० रुपये कापले जात, म्हणजे साडेदहा वर्षांच्या आसपास मुद्दल फिटे. कपात मात्र मरेपर्यंत चाले. ऐंशीव्या वर्षीही माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी घेतलेले पैसे फेडत राही. शौरींनी हा हिशेब कोर्टापुढे ठेवला. व्याज आणि जोखीम धरूनही १५ वर्षांनंतर विकलेला भाग परत मिळायला हवा, असा निकाल डिसेंबर १९८६ मध्ये लागला.

आजचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातला एखादा कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी ६०,००० रुपये मूळ वेतनावर निवृत्त झाला. निवृत्तिवेतन ३०,०००. त्यातला ४० टक्के भाग, १२,००० रुपये विकला. गुणक आता ८.३७१. हाती आले १२,०५,४२४ रुपये आणि मूळ निवृत्तिवेतन उरलं १८,०००. महागाई वाढ मात्र पूर्ण ३०,००० वर मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दुसरी एक भीती घरोघरी असते: हे आधी गेले तर माझ्या पेन्शनीतून कपात होईल का? होत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन मूळ वेतनावर काढलं जातं. पहिली काही वर्षं वाढीव दराने आणि नंतर वेतनाच्या ३० टक्के. विकलेल्या भागाचा त्याच्याशी संबंध नाही. नवऱ्याने हे बायकोला जिवंतपणी समजावून सांगावं, कागदपत्रांची पिशवी तिला दाखवावी. घरातलं मूल अपंग असेल, मुलगी अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असेल, तर त्यांची नावं नोंदली आहेत का हेही वेळीच पाहावं. बाप गेल्यावर नोंदीसाठी धावणाऱ्या मुलींचे हाल बघवत नाहीत.

आता रेघ सरकली आहे. केंद्रात १ जानेवारी २००४ आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत आलेल्यांना जुनी योजना नाही. त्यांच्या वेतनातून वर्गणी कापून बाजारात गुंतवली जाते. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी संपावर गेले, ते याच रेघेसाठी. त्याच महिनाअखेरीस राज्याने शासन निर्णय काढला आणि नव्या योजनेतला कर्मचारी सेवेत असताना दगावला तर कुटुंबाला निवृत्तिवेतन आणि उपदान देण्याचं मान्य केलं. केंद्रात ही सोय २००९ पासून होती. मधल्या वर्षांत तरुण शिक्षक, तलाठी, परिचारिका यांच्या घरांनी काय सोसलं असेल, याचा विचार करवत नाही. २०२४ मध्ये राज्याने आणखी एक पाऊल टाकलं. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, पण नेमणूक प्रशासनाच्या दिरंगाईने नंतर झाली, त्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. जाहिरात सरकारने काढली, उशीर सरकारने केला आणि भुर्दंड उमेदवाराने भरावा, हे टिकणारं नव्हतंच. एप्रिल २०२५ पासून केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आणि मागे राहिलेल्या जोडीदाराला त्याच्या ६० टक्के, अशी हमी तिच्यात आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही ती स्वीकारली.

त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमात मात्र एक कलम असं आलं की निवृत्तांमध्ये निवृत्तीच्या तारखेनुसार फरक करण्याचा अधिकार केंद्र सरकारला असल्याचं त्यात म्हटलं आहे. सध्याच्या निवृत्तिवेतनात यामुळे कपात होणार नाही, असं सरकार सांगतं. निवृत्तांच्या संघटनांना ते पटलेलं नाही आणि मला त्यांची काळजी रास्त वाटते. पुढच्या वेतन आयोगाचा लाभ जुन्या निवृत्तांना कोणत्या सूत्राने द्यायचा, हा प्रश्न आता समोर येईल. त्या वेळी सरकारी वकील हे कलम वाचून दाखवतील, आणि निवृत्तांच्या बाजूने पहिला कागद पुढे होईल तो १९८२ च्या निकालाचा.