मुंबईचं दूध, डहाणूचं गवत

(चेंबूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आज मी दुधावर बोलणार आहे असं तुम्हाला सांगितलं गेलंय. पण सुरुवातीचा बराच वेळ मी गवतावर बोलणार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

इथे साठी ओलांडलेले जे बसलेत त्यांना आठवत असेल. चेंबूर, कुर्ल्यापासून पलीकडे जोगेश्वरी, गोरेगावपर्यंत ठिकठिकाणी म्हशींचे तबेले होते. आम्ही सकाळी किटली घेऊन जायचो. भय्या मापाने दूध घालायचा, वर थोडी धार जास्तीची. रतीब लावलेला असेल तर तो घरी यायचा. तबेल्याच्या दारात आठवड्यातून एक-दोनदा ट्रक उभा राही आणि त्यातून तारेने आवळलेल्या सुक्या गवताच्या गासड्या धपाधप खाली पडत. आम्ही मुलं त्यांवर उड्या मारायचो आणि शिव्या खायचो. हे गवत येतं कुठून, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडला तो फार उशिरा, चाळिशी उलटल्यावर.

आधी तबेल्याचा हिशोब समजून घेऊ, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. शहरातला तबेलेवाला म्हशी वाढवत नाही. तो व्यालेली म्हैस विकत आणतो. हरियाणाकडची मुऱ्हा, गुजरातची मेहसाणा किंवा जाफराबादी. ती नऊ-दहा महिने दूध देते. नंतर ती भाकड होते. गावात भाकड म्हैस रानात सोडता येते, पुढच्या वितापर्यंत ती फारशा खर्चाशिवाय जगते. मुंबईत रान कुठलं? जागेचं भाडं, गवत, पेंड, सरकी, पाणी, सगळं विकतचं. भाकड जनावर सांभाळणं म्हणजे खिशातून पैसे घालणं. म्हणून चांगली, ऐन उमेदीची म्हैस एका वितानंतर कत्तलखान्यात जायची. पूर्वी वांद्र्याला, १९७१ नंतर इथे आपल्या देवनारला. रेडकांचं काय व्हायचं ते सांगायला नको. म्हणजे देशातल्या उत्तम दुभत्या म्हशी मुंबई दर वर्षी ओढून घेत होती आणि संपवत होती. याची ओरड पशुवैद्यकातले लोक स्वातंत्र्याच्या आधीपासून करत होते.

अशा म्हशीला दिवसाला सात-आठ किलो सुकं गवत धरा. हिरवा चारा आणि पेंड वेगळी. हा सात-आठ किलोचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

हे गवत मोठ्या प्रमाणावर यायचं ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडून. डहाणू, पालघर, वाडा, उंबरगाव या भागातून. आज यातला बराचसा भाग पालघर जिल्ह्यात आहे. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. डहाणू आपल्याला माहीत असतं ते चिकूसाठी, इराणी-पारशी वाड्यांसाठी, समुद्रासाठी. चर्चगेटहून सव्वाशे किलोमीटर. पण स्टेशनच्या अंगाने हे गाव वाढलं ते दुसऱ्याच दोन मालांवर. एक लाकूड, दुसरं गवत. आगगाडी यायच्या आधी लाकूड खाडीतून गलबतांवर चढायचं. गाडी आल्यावर स्टेशनजवळ डेपो, वखारी आणि गवत दाबायचे प्रेस उभे राहिले. मोकळं गवत वॅगनमध्ये भरलं तर निम्मी हवाच जाते. म्हणून ते दाबायचं, तार मारायची आणि मग चढवायचं. आमच्या उड्या मारायच्या गासड्या त्या.

या गावाला माल पुरवणारा माणूस मात्र गावात राहत नव्हता. तो पूर्वेच्या डोंगरपट्ट्यातला वारली. त्याचं वर्ष असं असायचं. पावसात भात आणि नाचणी, बहुधा दुसऱ्याच्या जमिनीवर. श्रावणाच्या सुमाराला घरातलं धान्य संपतं. मग सावकाराकडून खावटी उचलायची आणि पीक आल्यावर ती दीडपटीने फेडायची. पाऊस ओसरला की गवत कापणी. दिवाळीनंतर जंगलतोड, ती थेट मे अखेरपर्यंत. जंगल खातं झाडांना हातोड्याचा शिक्का मारून एकेक कूप लिलावाने द्यायचं. ठेकेदार कूप घ्यायचा आणि वारल्यांकडून तोडून घ्यायचा. कुऱ्हाड, करवत, सोट ओढायला बैल. सागाचं इमारती लाकूड वेगळं, वासे वेगळे, उरलेल्याचा भट्टी लावून कोळसा. तो कोळसा मुंबईच्या शेगड्यांत. गॅस यायच्या आधी प्रत्येक गल्लीत कोळशाची वखार होती, तीही आठवत असेल.

तर दूध तापवायचा कोळसा आणि दूध देणाऱ्या म्हशीचं गवत, दोन्ही त्याच माणसाच्या हातचं.

त्या माणसाला मिळत काय होतं? सिमिंग्टन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या भागाचा सरकारी अहवाल लिहिला, तो १९३९ चा. सरकारी माणूस, क्रांतिकारक वगैरे नव्हे. त्याने वेठबिगार नोंदवली. जमीनदाराने बोलावलं की यायचं, मजुरी नाही किंवा नावापुरती. आणि लग्नगडी. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्या सावकाराकडे राबायची, वर्षानुवर्षं. शिवाय जमीनदाराला गवताचा फायदा एवढा होता की जमीन नांगरण्यापेक्षा गवताला ठेवलेली त्याला परवडे. भाताला कष्ट आणि कुळाचा वाटा. गवताला फक्त पाऊस आणि कापणारे हात. म्हणजे मुंबईत म्हशी वाढतात तशी तिकडे भाताची जमीन गवताखाली जाते. हे मला कळलं तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो होतो, खरं सांगतो.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे काही वारली आले. मे महिन्यात झरी गावात पाच हजारांच्या आसपास वारली जमले आणि वेठ बंद असं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचं हे काम. गोदूताईंचं 'जेव्हा माणूस जागा होतो' तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. त्याच वर्षी पावसानंतर गवत कापणीचा संप झाला. मागणी काय होती? पाचशे पौंड गवताला अडीच रुपये.

आता मघाचा आकडा काढा. पाचशे पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. सात-आठ किलोने भागा. तीस दिवस. एका म्हशीला एक महिना पुरेल एवढं सुकं गवत कापायचे अडीच रुपये, आणि तेही मागितलेले, मिळत असलेले नव्हेत.

या मागणीला उत्तर काय आलं? १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या हजारो लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. संप मोडला नाही. गवताचा दर वाढवून द्यावा लागला.

का द्यावा लागला? लोक लढले हे कारण आहेच, पण गवताच्या अंगातही एक कारण आहे. गवत थांबत नाही. ऑक्टोबरमध्ये ते पिवळं पडायला लागतं, वेळेत कापलं नाही तर कडक होतं, त्यातला कस जातो, वणवा लागला तर सगळंच जातं. तिकडे मुंबईत म्हैसही थांबत नाही, तिला रोज हवं. व्यापाऱ्याच्या हातात पाच-सहा आठवडे. लाकडाचं तसं नाही. पुढच्या वर्षी १९४६ ला जंगल कामगारांचा संप झाला, रोजी सव्वा रुपया मागणी. उभा साग या वर्षी तोडला काय आणि पुढच्या वर्षी तोडला काय, तो उलट थोडा जाडच होतो. ठेकेदार वाट पाहू शकतो, खावटी उचललेला माणूस नाही. म्हणून लाकडाचा संप जास्त अवघड होता असं मला वाटतं. हे माझं मत आहे, वेगळं मत असू शकतं.

याच १९४६ साली मुंबईच्या दुधावरून दुसरीकडेही संप झाला, तो सगळ्यांना माहीत आहे. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात. मुंबई सरकारच्या योजनेत तिथलं दूध गोळा करायचा मक्ता पोल्सन कंपनीला होता. शेतकऱ्यांनी पंधरा दिवस दूध घातलं नाही. १४ डिसेंबर १९४६ ला त्यांचा सहकारी संघ नोंदवला गेला, तोच पुढे अमूल. दूध तर गवताहूनही नाजूक, काही तासांत नासतं. पण खेड्याच्या शेतकऱ्याकडे म्हैस स्वतःची होती, खालची जमीन बऱ्याच अंशी स्वतःची होती. न विकलेल्या दुधाचं तो घरी तूप करू शकत होता. वारल्याकडे नासणारा माल होता, पण तो त्याचा नव्हता. एकाच शहराच्या एकाच गरजेतून एकीकडे जगात नाव झालेली डेअरी उभी राहिली आणि दुसरीकडे मजुरीचा दर चार आण्यांनी, आठ आण्यांनी वर सरकला. फरक मालकीचा होता.

सरकारने काही केलं नाही असं नाही. बाळासाहेब खेरांच्या काळात, १९४७ पासून, जंगल कामगारांच्या सहकारी संस्थांना कुपं द्यायला सुरुवात झाली, म्हणजे मधला ठेकेदार काढायचा. काही संस्था नीट चालल्या. काहींत ठेकेदारच चिटणिसाच्या खुर्चीमागे उभा राहिला. (हशा) हसताय, पण हे आपल्याला नवीन नाही.

इकडे दुधाचं काय? दारा खुरोडी या माणसाला शहरातले तबेले हलवायचे होते. गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. १९४९ ला काम सुरू झालं, ४ मार्च १९५१ ला पंडित नेहरू आले. सुमारे सोळा हजार जनावरांची सोय, मालक तेच तबेलेवाले, जागा सरकारची, दूध सरकार घेणार. खुरोडींचं दुसरं काम टोन्ड दूध. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के. त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळून तो तीन टक्क्यांवर आणायचा. पाण्याने पातळ झालेली पौष्टिकता पावडरीने भरून काढायची. तेवढ्याच म्हशींत जास्त घरांना दूध, आणि स्वस्त. आमच्या आईचं मत होतं की हे सरकारी पाणी घातलेलं दूध. तिला कोणी पटवू शकलं नाही. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांना मिळून मिळाला.

आरेही पुरेना. मग साठ-सत्तरच्या दशकांत एक वरवर पाहता अगदी शहाणपणाची कल्पना आली. गवत म्हशीकडे न्यायचं त्यापेक्षा म्हशी गवताकडे न्या. डहाणूच्या पट्ट्यात दापचरीला दुग्ध प्रकल्प काढला. हजारो एकर जमीन घेतली, ती आदिवासींची. पाण्यासाठी कुर्झे धरण. मुंबईच्या गोठेवाल्यांनी इथे यावं, जमीन आणि गोठा घ्यावा, चारा पिकवावा, दूध मुंबईला जावं.

मी दापचरीला गेलोय. महामार्गावरून जाताना उजवीकडे-डावीकडे ओस गोठे दिसतात, छपरं गेलेली, आत झाडं उगवलेली. काही वर्षं तिथून दूध आलं, नंतर ते आटत गेलं. कारणं पुष्कळ सांगतात. अंतर, खर्च, मुंबईच्या मालकाचं मन न लागणं, खेड्याहून येणारं स्वस्त दूध. सगळी खरी असतील. पण एक गोष्ट मला खटकते. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या हे गवत कापलं त्यांना म्हैस द्यावी, हा त्या आराखड्याचा गाभा नव्हता. त्यांची जमीन घेतली आणि शंभर किलोमीटरवरून मालक आणले.

तिथून फार लांब नाही, कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी उलटं केलं होतं. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत कारण ती गुरांमागे असतात. तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं शिकतायत. त्यांनी आधी मुलाचा दिवस कसा जातो ते पाहिलं आणि मग शाळा आखली.

वेळ झालेली दिसते. एक-दोन प्रश्न घेऊ.

(प्रश्न : आता हे सगळं संपलं ना? आता तर पिशवीचं दूध येतं.)

पिशवीचं दूध येतं हे खरं, गुजरातहून, कोल्हापूरहून. पण तबेले संपलेले नाहीत, सरकलेत. आणि गवतही संपलेलं नाही. चुलीचा कोळसा गेला, कुपांची तोड खूप कमी झाली. डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला, आता वाढवणला मोठं बंदर होतंय, त्यावर इथे वेगळं व्याख्यान ठेवा. पण दिवाळीच्या आधीनंतर विक्रमगड, वाड्याकडे गेलात तर अजून गवत कापणारी माणसं दिसतील आणि उंच भरलेले ट्रक मुंबईकडे येताना दिसतील. मी एकदा थांबून दर विचारला. कापणाऱ्या बाईंनी हात न थांबवता मलाच विचारलं, "तुम्ही व्यापारी का?" मी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "मग दर कशाला पायजे?" आणि पुढची पेंढी बांधायला लागल्या.