किनाऱ्यावर पायी फिरायचंय, पक्षी-कासवं बघायचीत? सुट्टी बघण्याआधी तिथी बघा

दापोली : थंडी सुरू झाली की खेड, मंडणगड, चिपळूणच्या आतल्या गावांतली मंडळीसुद्धा दोन-तीन दिवस समुद्राकडे जायचा बेत आखतात. शनिवार-रविवार बघितला जातो, गाडी ठरते, मुक्कामाचं घर ठरतं. भरती-ओहोटीची वेळ मात्र बहुतेक जण बघत नाहीत. मग भर भरतीला किनाऱ्यावर पोचल्यावर पाणी थेट सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असतं. चालायला वाळू नसते, पक्षी दूर गेलेले असतात आणि मुलं कंटाळून परत फिरतात. खर्च तेवढाच होतो, बघायला मात्र काही मिळत नाही.

हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर बघण्यासारखं पुष्कळ असतं. ते बघायचं तर समुद्राचं वेळापत्रक समजून घ्यावं लागतं. ते वेळापत्रक घरातल्या दिनदर्शिकेवरच छापलेलं असतं, तिथीच्या रूपात.

तिथीवरून भरती कशी काढायची?

कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटे तीनच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण पक्ष, हिशेब तोच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास पाणी सगळ्यात मागे गेलेलं असतं.

हा ढोबळ हिशेब आहे, तासभर इकडे-तिकडे धरावाच. नेमकी वेळ मोबाईलवर त्या गावाजवळच्या बंदराच्या नावाने बघता येते. मुक्कामाच्या गावातल्या मच्छीमाराला विचारलं तर त्याहून उत्तम.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांगाची. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. तेव्हा पाणी वर जास्त चढतं आणि ओहोटीला मागेही जास्त जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी असते.

या दोन्ही गोष्टी जुळवल्या की चालण्यासाठी सगळ्यात सोयीचे दिवस निघतात : द्वितीया ते चतुर्थी. उधाणाचा जोर अजून असतो, त्यामुळे किनारा भरपूर उघडा पडतो. शिवाय ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, म्हणजे ऊन चढायच्या आत फिरणं होतं. महिन्यात असे दोन वेळा तीन-तीन दिवस मिळतात. सुट्टी त्यातल्या एखाद्याला जोडून घ्यावी.

तीन दिवसांचा बेत

पहिला दिवस, मुरूड ते कर्दे : दापोलीजवळचा हा सरळ, लांब आणि सपाट किनारा लहान मुलं आणि वयस्कर माणसांनाही झेपतो. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी चालायला सुरुवात करावी. पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू चालायला सोपी पडते. कोरड्या वाळूत पाय रुततात आणि दम लागतो.

दुसरा दिवस, हर्णै आणि आंजर्लं : ओहोटीला हर्णैच्या किल्ल्यांभोवतालचे खडक उघडे पडतात. खडकातल्या डबक्यांपाशी पाच मिनिटं शांत बसलं की खेकडे, गोगलगायी, शंखात घर करून राहणारे संन्यासी खेकडे आणि समुद्रफुलं दिसायला लागतात. दगड उचलून बघितला तर तसाच परत ठेवावा, त्याखाली कुणाचं तरी घर असतं. हर्णै बंदरातला मासळीचा लिलावही बघण्यासारखा. तिथून आंजर्ल्याच्या खाडीवर पक्षी बघायला जाता येतं.

तिसरा दिवस, केळशी आणि वेळास : केळशीचा किनारा बघून गाडीने खाडीला वळसा घालून मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जावं. परत जाताना श्रीवर्धनकडे जायचं असेल तर वेश्वी-बागमांडला फेरीबोट गाडीसह खाडीपार नेते.

रेल्वेने येणाऱ्यांनी खेडला उतरावं. तिथून दापोलीला एसटी मिळते.

पक्षी कधी आणि कुठे बघायचे?

हिवाळ्यात उत्तरेकडच्या थंड प्रदेशांतून कुरव, सुरय, तुतारी, चिखल्या असे पक्षी आपल्या किनाऱ्यावर येतात. नशीब असेल तर लाल लांब चोचीचा कालवफोड्याही दिसतो. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड मात्र इथलाच. किनाऱ्याजवळच्या उंच झाडांवर तो मोठं घरटं बांधतो.

पूर्ण ओहोटीला पक्षी दूरवर चिखलात पांगलेले असतात. पाणी चढायला लागलं की त्यांची जागा कमी होत जाते आणि ते आपणहून किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून ओहोटीनंतर दोनेक तासांनी खाडीच्या तोंडाशी एका जागी बसून राहावं. मागे धावण्यापेक्षा बसून जास्त पक्षी दिसतात.

आपला समुद्र पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पक्ष्यांचे रंग नीट दिसतात. संध्याकाळी नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात.

थव्यात धावून पक्षी उडवण्यात पोरांना मजा वाटते, पण पक्ष्यांना ते महागात पडतं. परतीच्या लांब प्रवासासाठी त्यांना अंगात चरबी साठवायची असते. प्रत्येक उड्डाणात ती खर्च होते. कुरवांना फरसाण, शेव टाकू नये.

डॉल्फिन सकाळीच

मुरूड, कर्दे, हर्णै, दाभोळ या पट्ट्यात किनाऱ्याजवळ डॉल्फिन दिसतात. थंडीत सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो, किनाऱ्याजवळचं पाणी शांत असतं आणि पाठीवरचा पर लांबूनही ओळखू येतो. दुपारनंतर खारा वारा सुटला की लाटांमध्ये काही कळत नाही. बोटीत प्रत्येकाला लाईफ जॅकेट मिळत असेल तरच बसावं. डॉल्फिनचा पाठलाग करू नका, इंजिन मंद ठेवा, असं बोटवाल्याला आधीच सांगावं.

कासवांबाबत गैरसमज नको

डिसेंबरमध्ये येऊन ‘पिल्लं कुठे आहेत?’ असं विचारणारे पुष्कळ असतात. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणून पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारीअखेर ते मार्च हा काळ धरावा. पिल्लं बहुधा सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात. त्या दिवशी बाहेर येतील याची खात्री कुणी देऊ शकत नाही, त्यामुळे एक मुक्काम जास्त ठेवावा.

वेळासला हे काम २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन सुरू केलं. आधी अंडी माणसं नेत, कोल्हे-कुत्री उकरत. आज त्याच गावात कासवं बघायला येणाऱ्या पाहुण्यांमुळे घराघरांत मुक्काम आणि जेवणाचा रोजगार आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवून तिला समुद्रात सोडलं. पश्चिम किनाऱ्यावर अशी नोंद ठेवलेली ती पहिली कासवीण.

एवढ्या वर्षांची ही मेहनत एका गाडीच्या चाकाखाली जाऊ शकते. अंडी दीडेक फुटावर असतात आणि वरून काहीच दिसत नाही. गाडी फिरली की वाळू दाबली जाते आणि पिल्लांना बाहेर यायची वाट राहत नाही. म्हणून गाडी, दुचाकी किनाऱ्यावर उतरवू नये. रात्री बॅटरी किंवा मोबाईलचा उजेड पाडू नये, उजेड बघून अंडी घालायला आलेली मादी परत फिरते. पिल्लाला हात लावू नये, फ्लॅश मारू नये.

जीव सांभाळून

ओहोटीला खाडी उथळ दिसते म्हणून चालत पलीकडे जाऊ नये. परत येईपर्यंत पाणी चढतं आणि तळाचा चिखल पाय धरून ठेवतो. खडकाळ टोकाला वळसा घालून जायचं असेल तर ओहोटीच्या वेळेनंतर तासाभरात परत फिरावं. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये.

रापणीच्या जाळ्यातून कधी कधी समुद्री साप वाळूवर पडतात. त्यातले बरेच विषारी असतात, मेलेला वाटला तरी हात लावू नये. खडकांवरची कालवं पाय कापतात, त्यामुळे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट घालावेत.

सोबत पाणी, टोपी, दुर्बीण असल्यास ती, पूर्ण चार्ज केलेला मोबाईल आणि कचरा परत आणायला एक पिशवी घ्यावी. मुक्कामाच्या घरी माणसं किती आणि जेवण शाकाहारी की मासळीचं, हे दोन दिवस आधी कळवलं तर त्यांचीही धावपळ होत नाही.

हे क्रमांक मोबाईलमध्ये आधीच साठवून ठेवावेत : आपत्कालीन मदत ११२, रुग्णवाहिका १०८, समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दल १५५४ आणि जखमी कासव, डॉल्फिन किंवा पक्षी दिसला तर वन विभाग १९२६. जखमी प्राणी स्वतः पाण्यात ढकलू नये. आधी फोन करावा, मग माणसं येईपर्यंत गर्दी आणि कुत्री दूर ठेवावीत.