तहानलेल्या ज्वारीतलं विष

पावसाने ओढ दिली, ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली आणि पानांच्या सुरळ्या होऊ लागल्या, की जाणती माणसं बजावतात, ‘त्या रानात गुरं घालू नका, किराळ लागेल.’ किराळ म्हणजे कोवळ्या ज्वारीतून होणारी विषबाधा, आणि हा इशारा शब्दशः खरा आहे. भुकेल्या गाईने असं कोवळं पीक पोटभर खाल्लं, तर पंधरा-वीस मिनिटांतही ती धापा टाकू लागते. तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात, जनावर कोसळतं. पापणी उलटून पाहिली तर आतली त्वचा लालभडक दिसते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण सायनाइडने पेशींचं श्वसनच रोखलेलं असतं. त्यामुळे पेशींना तो वापरता येत नाही.

झाडं स्वतःच्या बचावासाठी जी रसायनं बनवतात, त्यांची तोंडओळख मागच्या लेखांकात झाली. ज्वारीच्या अशा रसायनाचं नाव धुरिन. विन्डहॅम डन्स्टन आणि थॉमस हेन्री या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये ते शोधून काढलं. टायरोसिन या अमिनो आम्लापासून ज्वारी ते तयार करते आणि त्याला साखरेचा एक रेणू जोडून ठेवते. या बांधलेल्या अवस्थेत त्याचा ज्वारीला काही त्रास नसतो.

खरी करामत साठवणीत आहे. ज्वारीचं पान आडवं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर वरखाली पातळ बाह्यत्वचा आणि मध्ये हिरव्या पेशींचा थर दिसतो. धुरिन असतं बाह्यत्वचेच्या पेशींत, आणि त्याचे तुकडे करणारं विकर असतं आतल्या हिरव्या पेशींच्या हरितलवकांत. पान शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. गाईने पान चावलं, पेशी फुटल्या, की दोन्ही एकत्र येतात. आधी साखर सुटते आणि लगेच सायनाइड मोकळं होतं. पोटातले जिवाणू या कामाला आणखी हातभार लावतात, म्हणून रवंथ करणाऱ्या जनावरांना धोका अधिक. पिकलेल्या दाण्यात मात्र धुरिन नसतं, तेव्हा भाकरी निर्धास्त खावी. दाणा रुजला की ते बनू लागतं. अंधारात उगवलेल्या कोंबाच्या शेंड्यात तर ते सुक्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत गेल्याचं आढळलं आहे. पुढे ताट वाढत जातं तसं हे प्रमाण उतरत जातं.

मग दुष्काळात ते का चढतं? एक कारण सरळ आहे. पाणी नसलं की वाढ थांबते, पण धुरिन बनणं लगेच थांबत नाही. एरवी मोठ्या पानांत, जाड ताटात जे विरळ झालं असतं, ते खुरटलेल्या रोपात दाट होतं. त्यातून शेताला युरिया भरपूर दिलेला असेल तर धोका आणखी वाढतो, कारण धुरिनमध्ये नायट्रोजन असतो आणि वाढीला न लागलेला नायट्रोजन तिकडे वळू शकतो.

दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं. धुरिन ही ज्वारीने अडचणीच्या दिवसांसाठी केलेली बेगमी आहे. सायनाइड मोकळं न करता धुरिनमधला नायट्रोजन परत काढून घेण्याची वाट ज्वारीच्या पेशींत आहे. ज्या वाणांच्या पानांत धुरिन जास्त, ते दाणे भरताना पाण्याचा ताण पडला तरी अधिक काळ हिरवे राहतात, असा संबंध अमेरिकेतल्या संशोधनात दिसला आहे. म्हणजे गुराला मारणारं हेच द्रव्य ज्वारीला तगून राहायला मदत करत असावं.

ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी इतरांच्या साथीने धुरिन न बनवणारी ज्वारी मिळवली आणि २०१२ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. बाहेरचं जनुक न घालता, उत्परिवर्तनातून. चाऱ्यासाठी अशी ज्वारी हवीच. पण रब्बीत जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलीवर येणाऱ्या आपल्या शाळूच्या वाणांतून धुरिन काढून टाकण्याची घाई कुणी करू नये, असं मला मनापासून वाटतं. तिथे विष कमी करताना कणसात दाणे किती भरतात, हे आधी पाहायला हवं.

तोवर शेतकऱ्याच्या हाती असलेले उपाय साधे आहेत. हिरवी ज्वारी निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यावर कापावी. वाळवली किंवा मुरघास केला की विष बरंच कमी होतं. सगळ्यात जास्त सावध राहायचं ते दुष्काळानंतर पाऊस पडल्यावर! खुरटलेल्या किंवा कापलेल्या बुडख्यांना फुटणारे लुसलुशीत फुटवे अत्यंत विषारी असू शकतात, आणि नेमकं तेव्हाच गुरांना हिरव्याची ओढ लागलेली असते. किराळ लागलीच तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधं शिरेतून द्यावी लागतात, आणि ते पशुवैद्यकाचंच काम आहे.

पुढच्या आठवड्यात द्राक्षाच्या सालीकडे वळू. तिथे ताण पाण्याचा नसून उन्हाचा आहे.