होडी पाण्यात लोटण्यापूर्वी

कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या हंगामाचा आरंभ सरकारी हुकुमातील एका तारखेशी आणि पंचांगातील एका तिथीशी असा दुहेरी बांधलेला आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना समुद्रात जाण्याची मनाई असते. हा काळ माशांच्या विणीचा, आणि त्याच काळात नैर्ऋत्येचा वारा सबंध किनाऱ्याला धारेवर धरून असतो. १ ऑगस्टला बंदीची मुदत संपली तरी जुन्या रिवाजाची घराणी नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावाचून होडीला हात लावीत नाहीत. या दोन दिवसांच्या मागेपुढे, माडांच्या आडोशाला झापांखाली पावसाळा काढलेल्या होड्या पुन्हा पाण्यात जातात. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर हे काम मी निगुतीने पाहत आलो आहे, आणि दर वेळी पाहताना एक समज अधिकाधिक पक्की होत गेली आहे की, होडी पाण्यात लोटण्याच्या कामी जे अपघात होतात त्यांतील बहुतेकांचे मूळ पाण्यात नसून कोरड्या पुळणीवर असते, आणि होडीच्या बुडाला लाट लागण्यापूर्वीच ते घडून चुकलेले असतात.

दुरून पाहणाऱ्याला हे काम निव्वळ अंगबळाचे वाटते. वीस-पंचवीस माणसे दोन्ही अंगांनी खांदा लावतात, एकजण हाळी देतो, होडी हातभर सरकते. इतकेच त्याच्या नजरेत भरते. परंतु जो तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, या गर्दीपासून चार पावले दूर उभा राहून समुद्राकडे एकटक बघत असतो आणि कोणाच्याही घाईला दाद देत नाही, खरे काम त्याचे चाललेले असते. होडी लोटण्यातल्या चुका अडाण्यांच्या हातून होतात असेही नाही. ज्याने आयुष्यभर हेच केले त्याच्याही हातून त्या होतात, कारण त्या दिवशी किनाऱ्यावर पाहुणे असतात, नारळ-गुलाल असतो, मुलेबाळे असतात, आणि मालकाचे अवधान दहा ठिकाणी वाटले गेलेले असते.

लाकडी होडीची गोष्ट आधी सांगावी लागेल, जरी अशा होड्या आता फायबरच्या होड्यांच्या मानाने कमी झाल्या असल्या तरी. सागाची किंवा ऐनाची फळी आठ महिने पाण्यात राहून फुगलेली असते आणि फळीला फळी घट्ट भिडलेली असते. तीच होडी मे महिन्याच्या उन्हात पुळणीवर ओढली की फळ्या सुकून आकसतात आणि सांधे उघडे पडतात. हे सांधे कापूस ठोकून आणि राळ-तेलाचा लेप देऊन बुजवावे लागतात, हे प्रत्येकाला ठाऊक असते. चूक होते ती पुढेच. हौशी किंवा उतावळा मालक सांधे इतके ठासून भरतो की लाकूड पाण्यात गेल्यावर फुगायला जागाच उरत नाही, आणि मग फळी सांध्याला न दबता खिळ्याच्या बाजूने उचलली जाते. अनुभवी मालक सांधा भरताना किंचित हात राखतो, आणि लोटण्याच्या आधी काही दिवस होडीच्या आत पाणी शिंपीत राहतो किंवा ओली गोणपाटे पसरतो, म्हणजे लाकडाला आपली जागा हळूहळू सापडते. या कामाला कोणी टाळ्या वाजवीत नाही, पण समुद्रात गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत उपसावे लागणारे पाणी त्यावरच ठरते.

फायबरच्या होडीला सांधे नाहीत, म्हणून तिला धोका नाही असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि सर्वांत साधी व सर्वांत महाग पडणारी चूक याच होडीच्या बाबतीत घडते. तिच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, पाणी निघून जाण्यासाठी एक भोक ठेवलेले असते आणि त्याला बूच असते. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर असताना हे बूच काढून ठेवावेच लागते, नाही तर पावसाचे पाणी आत साचून तिच्या बुडावर नको तितका भार येतो. जी गोष्ट जमिनीवर असताना शहाणपणाची, तीच पाण्यात गेल्यावर घात करणारी ठरते. आणि दोन महिन्यांपूर्वी केलेली गोष्ट गर्दीच्या क्षणी आठवणे हे मनुष्यस्वभावाला अवघड आहे. शिवाय बूच विसरले तर ते तात्काळ कळतही नाही. होडी तरंगते, सगळे आनंदाने ओरडतात, जाळी चढवली जाते, आणि फळीखाली पाणी भरत राहते. ते पायाला लागेपर्यंत होडी मागच्या अंगाने जड होऊन लाटेला उचलेनाशी झालेली असते.

याच्यावर दांडीला एका वृद्ध मालकाने केलेली तजवीज मला फार मोलाची वाटली. बूच काढले की ते तो खिशात, पेटीत वा घरच्या कोनाड्यात ठेवीत नाही. इंजिन सुरू करण्याच्या दोरीच्या मुठीला ते सुतळीने बांधून टाकतो. ते सोडल्यावाचून दोरी ओढताच येत नाही, म्हणजे विसरण्याची मुभाच उरत नाही. तरीही होडी हलविण्यापूर्वी तो नातवाला विचारतो.

“बूच घातलंस काय रे झिला?”

“घातलंय, आजोबानु.”

“हात लावन बघलंस?”

आणि नातू खरोखरच वाकून, हात घालून, पिळून बघेपर्यंत म्हातारा होडीला कोणाला शिवू देत नाही. ‘घातले असेल’ आणि ‘घातले आहे’ यांच्यामध्ये किती अंतर आहे, हे ज्याने वाळूत अर्धी रुतलेली, पाण्याने भरलेली होडी पाहिली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. पाण्याने भरलेली होडी पंचवीस माणसांनाही हलत नाही, आणि प्रत्येक लाट तिला वाळूत थोडी अधिक पुरीत जाते.

आता पाण्याची वेळ. किनाऱ्यावरची जुनी माणसे घड्याळ आणि छापील तक्ता यांच्याआधीपासून एक हिशेब बाळगून आहेत. कोणत्याही पक्षातील तिथीला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची सुमाराची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. म्हणजे नारळी पौर्णिमेची भरती ऐन दुपारच्या सुमारास, स्वच्छ उजेडात येते, आणि ती उधाणाची असते. सण आणि सोय यांची अशी गाठ पडलेली पाहून आपल्या पूर्वजांच्या निरीक्षणाविषयी मनात आदर दाटून येतो. मुंबईच्या बाजूला उधाणाला पाणी चार मीटरांच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक चढते-उतरते. मालवणकडे हाच फरक दोन मीटरांच्या आसपास असतो, त्यामुळे इथे पाण्याची फारशी उधळपट्टी परवडत नाही.

येथे नवख्या मालकाची जी चूक होते ती वरवर पाहता शहाणपणाची वाटते. पाणी सर्वांत जवळ येईल तेव्हा होडी लोटली तर ओढण्याचे अंतर सर्वांत कमी, असा विचार करून तो पूर्ण भरतीची वाट पाहतो. त्या क्षणी होडी वाळूत अडली, एखादा ओंडका निसटला, कोणाचा दोर तुटला, की पाणी तिथून पुढे फक्त मागेच जाणार असते. घटकाभरात होडी कोरडी पडते. आणि ती जर पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या दिवशीची, म्हणजे सर्वांत मोठ्या उधाणाची भरती असेल, तर पुढची प्रत्येक भरती आदल्यापेक्षा आखूड. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी त्या रेषेच्या आसपासही फिरकत नाही, आणि होडीला पंधरा दिवस अमावास्येच्या उधाणाची वाट पाहत बसावे लागते. म्हणून जाणता तांडेल पाणी चढते असतानाच काम उरकतो. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येऊन जाते आणि शेवटच्या तासात ते वीतभरही चढत नाही. तेव्हा पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी होडी पाण्याच्या कडेला आणली की पुढचे बळ समुद्र देतो. अडली तरी चिंता नाही, पाव तासात तिच्याखाली आणखी पाणी येते. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी गिर्ये येथे मराठ्यांच्या आरमाराची जी गोदी आहे, तिचाही सारा कारभार याच चढत्या-उतरत्या पाण्याच्या भरवशावर चालत असला पाहिजे.

पुळणीवरून होडी नेताना तिच्याखाली गोल ओंडके घालतात. ओंडका होडीच्या लांबीला बरोबर काटकोनात हवा. तो तिरपा झाला की होडी त्याच्या मागे वळते, आणि वळलेली होडी सरळ करायला दुप्पट माणसे लागतात. मागून मोकळा झालेला ओंडका उचलून पुढे आणून टाकणे हे काम मुलांकडे सोपवले जाते, आणि सर्वांत वाईट दुखापती याच कामात होतात, कारण तिरपा ओंडका सरळ करण्यासाठी हात आपोआप पुढे जातो. दांडीवर ज्या होडीचे काम मला उत्तम वाटले तिथे मुलाच्या हातात एक जाड दांडका दिलेला होता आणि ओंडक्याला हात लावायचा नाही, दांडक्याने ठोकूनच सरळ करायचा, अशी सक्त ताकीद होती. उतारावर होडीच्या पुढे कोणी उभे राहायचे नाही. मागच्या अंगाला बांधलेला दोर माडाच्या बुंध्याला दोन वेढे देऊन एका वडीलधाऱ्या माणसाच्या हातात. होडी उताराला लागून धावू लागली तर तिला आवरणारा तोच. या माणसाने गप्पा मारायच्या नाहीत, असाही नियम मी पाहिला, आणि तो नियम मला सर्वस्वी योग्य वाटतो.

लाटांत शिरताना मात्र सगळा हिशेब क्षणांवर येतो. लाटा सारख्या येत नाहीत. काही मोठ्या एकामागून एक येतात आणि मग थोडी उसंत मिळते. ही उसंत ओळखण्यासाठीच तांडेल इतका वेळ दूर उभा असतो. नाळ, म्हणजे होडीचे नाक, लाटेला समोर ठेवून, लाटेने होडी उचलली की लोटायची आणि परतणाऱ्या पाण्याबरोबर पुढे न्यायची. ती जरा आडवी झाली की पुढची लाट तिला किनाऱ्याकडे फेकते. म्हणून होडी आणि किनारा यांच्यामध्ये कधीही उभे राहायचे नाही, राहायचे तर तिच्या टोकांशी किंवा समुद्राच्या अंगाला. ज्या पातीला, म्हणजे लहान होडीला, उलांडी (बाजूला बांधलेला तोलाचा ओंडका) असते ती सहजी कलंडत नाही हे खरे, पण आडवी पडली तर तिची उलांडीच प्रथम मोडते.

इंजिनाच्या चुका लहान दिसतात आणि याच ठिकाणी जिवावर बेततात. मागे लावलेले इंजिन कमरेइतके पाणी होईपर्यंत वर उचललेलेच ठेवावे लागते, नाही तर पंखा वाळूत घासतो; आणि तोवर वल्ह्यांवर भिस्त ठेवावी लागते, म्हणून वल्ही बांधून ठेवलेली नसावीत, हाताशी मोकळी असावीत. किनाऱ्यावर कोरडे इंजिन चालवून पाहण्याचा मोह पुष्कळांना होतो. आत थंड पाणी खेचणारी रबरी चक्री कोरडी फिरली की बघता बघता जळते, आणि पुढे समुद्रात इंजिन तापून बंद पडते. पाण्यात उतरल्यावर इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडते की नाही, हे जाणता माणूस आधी बघतो. आणखी एक गोष्ट: पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर हवा घेण्यासाठी एक लहान स्क्रू असतो. तो सैल करायचा राहिला, तर नळीतले पेट्रोल असेपर्यंत इंजिन उत्तम चालते आणि मग नेमके लाटांच्या ओळीत असताना धापा टाकून थांबते. रॉकेलवर इंजिन चालविणारेही आरंभ पेट्रोलवर करतात, आणि लाटांपलीकडे गेल्यावाचून रॉकेलकडे वळवीत नाहीत.

जाळ्याविषयी इतकेच की, ते होडी तरंगल्यावर चढवावे. आधीच नाळेकडे रचलेले ओले जाळे होडीचे नाक खाली दाबते आणि पहिलीच लाट आत घेते. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा चढलेला असताना मुहूर्तासाठी होडी लोटणाऱ्यांविषयी मी काही लिहू इच्छीत नाही. सुदैवाने असे लोक मला फार थोडे आढळले. खाडीतून निघणाऱ्यांना मात्र एक जोखीम अधिक असते. पावसाळ्याच्या पुराने खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा सरकतो आणि गेल्या वर्षीची वाट यंदा राहत नाही. समंजस मालक आधी लहान होडीने, वल्ह्याने टोचून टोचून नवी वाट पाहून येतो आणि मगच मोठी नौका सोडतो.

होडी तरंगली, नारळ झाला, प्रसाद वाटला, म्हणजे काम संपले असे समजणे ही शेवटची चूक, आणि सण असल्याने ती सर्वांत स्वाभाविक. नांगरावर सोडलेल्या लाकडी होडीत पहिल्या दिवशी पाणी येणारच. ते किती येते हे कोणी बसून पाहिले पाहिजे. दांडीवरचा तो वृद्ध मालक घरी पुरणपोळी असताना संध्याकाळपर्यंत आपल्या लाकडी होडीतच बसला होता. प्रत्येक तासाला उपसलेले डबे तो मोजीत होता, आणि आकडा एका जुन्या वहीत मांडीत होता. रात्री त्याची जागा मुलाने घेतली. तिसऱ्या दिवशी डबे निम्म्यावर आले तर जाळे आणि बर्फ चढवायचे, नाही तर उधाण ओसरण्यापूर्वी होडी पुन्हा पुळणीवर घेऊन सांधा शोधायचा, असे त्याने मला सांगितले, आणि मी पुढचे काही विचारण्यापूर्वीच तो वाकून परत पाणी उपसू लागला.