पुठ्ठ्याच्या चकतीपासून पडद्यावरच्या वर्तुळापर्यंत

ग्लासगोमध्ये शिकवणाऱ्या रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर गोल चकती आडवी ठेवायची, समोरच्याने ती तिरक्या नजरेने पाहायची आणि दिसतो तो आकार नेमका कसा आहे ते सांगायचं. भूमितीप्रमाणे डोळ्यात त्या चकतीचं लंबवर्तुळ उमटतं. पण लोकांनी दाखवलेलं लंबवर्तुळ हिशेबापेक्षा जास्त गोल निघालं. चकती मुळात गोल आहे हे मेंदू विसरत नाही, आणि दिसणं त्या बाजूला ओढलं जातं.

दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याने भारतीय विद्यार्थ्यांची ब्रिटिशांशी तुलना छापली. भारतीयांची उत्तरं गोलाकडे अधिक झुकलेली होती. निबंधाच्या शीर्षकातच हा फरक वांशिक ठरवलेला होता. मी लंडनमधल्या वेम्बलीत राहतो. ईलिंग रोडवर गुजराती, तमिळ, मराठी एकाच दुकानात भाजी घेतात; लहानपणी कुणी चाळीत वाढलेलं, कुणी नैरोबीत, कुणी इथल्याच फ्लॅटमध्ये. या सगळ्यांची मिळून एक 'भारतीय नजर' असते, हे मला पटत नाही. मूठभर विद्यार्थ्यांवरून वंशाबद्दल बोलणं तेव्हाही चूकच होतं. पण त्या निकालाशी नीट भांडायचं असेल, तर तोच आकार, त्याच मापाने, वेगवेगळ्या गावांतल्या माणसांना दाखवता आला पाहिजे. गेल्या नव्वद वर्षांत हे कसं शक्य होत गेलं, ते पाहण्यासारखं आहे.

थाउलेसच्या काळात नॉर्थ वेम्बलीत ब्रिटनच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती. १९२३ साली ती सुरू झाली. टेलिव्हिजनच्या कॅथोड किरण नळ्यांवर तिथे काम झालं आणि १९४० मध्ये एरिक मेगॉ यांनी रडारचा मॅग्नेट्रॉन तिथेच वापरण्याजोगा केला. अशा नळीवर वर्तुळ काढायला संगणक लागत नाही. आडव्या आणि उभ्या दिशेने सारख्या जोराच्या दोन लहरी द्यायच्या, त्यांच्यात पाव आवर्तनाचं अंतर ठेवायचं, की प्रकाशाचा ठिपका गोल फिरतो. अंतर बदललं की तिरपं लंबवर्तुळ, शून्य केलं की सरळ रेघ. दृष्टीवर काम करणाऱ्यांच्या हाती त्यामुळे बटण फिरवून बदलता येणारा आकार आला. त्याच सुमारास भारतातल्या विद्यापीठांतही प्रायोगिक मानसशास्त्र मूळ धरत होतं. पुणे विद्यापीठात १९५० साली वा. कृ. कोठुरकरांच्या पुढाकाराने या विषयाचा विभाग उभा राहिला.

संगणकाच्या चौकटींवर वर्तुळ काढणं मात्र अवघड गेलं. मायकेल पिटवे यांनी १९६७ मध्ये प्लॉटरवर लंबवर्तुळ काढण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे ते अक्सब्रिजच्या ब्रुनेल विद्यापीठात प्राध्यापक होते, म्हणजे वेम्बली पार्कहून मेट्रोपॉलिटन लाइनने थेट जाता येईल अशा ठिकाणी. १९८१ च्या सुमारास ॲपलमध्ये बिल ॲटकिन्सन यांनी वर्तुळं आणि लंबवर्तुळं झपाट्याने काढून दाखवली. वर्तुळाच्या समीकरणात वर्ग येतात, आणि ओळीने घेतलेल्या विषम संख्यांची बेरीज वर्गच असते: १ आणि ३ मिळून ४, त्यात ५ मिळवले की ९. गुणाकार नको, वर्गमूळ नको, नुसती बेरीज. मला हा या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. ॲपलच्या मॅकिन्टॉश संगणकात ही सोय आयती मिळाली, आणि १९९७ साली डेव्हिड ब्रेनर्ड व डेनिस पेली यांनी मांडलेला, दृष्टीच्या प्रयोगांसाठीचा सायकटूलबॉक्स हा प्रोग्रॅमचा संच त्याच यंत्रावर वाढला.

नॉटिंगहॅमच्या जोनाथन पीयर्स यांनी सायकोपाय हे अशाच प्रयोगांसाठीचं सॉफ्टवेअर २००७ मध्ये शोधनिबंधातून मांडलं. ते फुकट आणि खुलं आहे. परवाना विकत न घेता कुठल्याही कॉलेजला वापरता येतं. त्यात वर्तुळ म्हणजे खरं तर अनेक बाजूंचा बहुभुज. जुन्या आवृत्त्यांत न सांगता ३२ बाजू मिळत. त्रिज्या ३०० पिक्सेल असेल तर प्रत्येक बाजूचा मध्य खऱ्या वर्तुळापासून सुमारे दीड पिक्सेल आत राहतो. वक्रतेवरच्या प्रयोगात हे चालत नाही. बाजू वाढवाव्या लागतात.

त्याहून मोठा धोका एककाचा आहे. सायकोपायच्या 'नॉर्म' एककात पडद्याची रुंदी आणि उंची दोन्ही उणे १ ते अधिक १ धरतात. पडदा चौरस नसल्याने त्यात मागितलेलं वर्तुळ लंबवर्तुळ होतं. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर ०.५ त्रिज्येचं वर्तुळ ९६० पिक्सेल रुंद आणि ५४० उंच येतं, म्हणजे १६ ला ९. पुण्यातल्या एखाद्या जुन्या ४ ला ३ च्या मॉनिटरवर ते त्याच प्रमाणात कमी चपटं. प्रोग्रॅम एकच, आकार दोन. मग पुण्याची आणि वेम्बलीची उत्तरं वेगळी आली, तर तो फरक माणसांचा म्हणून छापायला कितीसा वेळ लागेल? थाउलेसच्या निबंधातली चूक आपण यंत्राच्या मदतीने पुन्हा करू.

यावर उपाय आहेत. मॉनिटरची रुंदी आणि बसण्याचं अंतर मोजून भरलं की आकार दृश्यकोनाच्या अंशांत मागता येतो. ऑनलाइन प्रयोगात माणूस आपलं बँकेचं कार्ड पडद्यावर धरून चित्र त्याच्याएवढं करतो. कार्ड सगळीकडे ८५.६ मिलिमीटर रुंद असतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत डोळ्यातल्या अंधबिंदूच्या साह्याने बसण्याचं अंतरही काढता येतं.

महाराष्ट्रात मानसशास्त्राचं प्रॅक्टिकल करणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे. पहिल्या माणसाला बसवण्याआधी पडद्यावरचं वर्तुळ फूटपट्टीने आडवं आणि उभं मोजा. एकक, बाजूंची संख्या, पडद्याचं माप आणि बसण्याचं अंतर अहवालात लिहा, म्हणजे दुसऱ्या गावातल्या कुणालाही तोच आकार पुन्हा दाखवता येईल.