आंबिया बहाराची पेटी

वृद्ध आईबापांना नाताळानिमित्त काय द्यावे, हा प्रश्न बाजारात वस्तूंची उणीव असल्यामुळे नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या गरजा अत्यल्प उरल्यामुळे बिकट होतो. एक शाल असताना दुसरी येते, ती ट्रंकेत जाते आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासात वर्षे काढते. माझी आई छिंदवाड्यास राहते. स्वीडिश लुथरन मिशनाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुलखात जे कार्य आरंभिले, त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळीत तिचे आयुष्य गेले. तिच्यासाठी मी डिसेंबरात पांढुर्णा-सौंसरच्या बागांतून संत्र्यांची पेटी स्वतः निवडून नेतो, आणि याहून योग्य भेट मला आजवर सुचलेली नाही.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा व सौंसर या दोन तहसिली मध्यप्रदेशात राहिल्या. 2023 साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या काढून त्यांचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. दप्तरी सरहद्दी अशा बदलल्या, तरी येथील घरांतली मराठी आणि बागांतले नागपुरी संत्रे यांत काही पालट झाला नाही.

जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून वाढविलेले हे झाड वर्षाकाठी एकाहून अधिक वेळा फुलू शकते. परंतु बागाईतदार हिवाळ्यात पाणी तोडून त्याला ताण देतो, ताण संपताच पाणी सोडून जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा घेतो, आणि त्या आंबिया बहाराचे फळ पावसाळा अंगावर घेऊन ऑक्टोबरापासून डिसेंबरापर्यंत तोडणीस येते. पावसाळ्याच्या आरंभी फुलणारा मृग बहार फेब्रुवारी-मार्चात निघतो, म्हणून नाताळच्या कामाचा नाही. युरोपातील थंड देशांत, जेथे हे फळ पिकत नाही, तेथे मुलांच्या नाताळी मोज्यात एक संत्रे ठेवण्याची चाल आहे, आणि संत निकोलसाने गरीब मुलींना दिलेल्या सोन्याचे ते प्रतीक मानतात. आमच्याकडे तोच सण आंबियाच्या अखेरच्या तोडणीवर येऊन ठेपतो, हा योग मला फार प्रिय आहे.

निवड झाडापाशीच करावी लागते, कारण संत्रे आंब्यासारखे आढीत पिकत नाही. फांदीवर असताना जी गोडी आली नाही ती नंतर येणे नाही. मी पिवळ्याधमक फळाकडे हात नेला, तेव्हा बागाईतदार काका म्हणाले, "रंगाले नोका पाहू भाऊ, वजन पाहा." रात्री थंड झाल्या की सालीवर रंग चढतो, परंतु तो रसाची हमी देत नाही, खांद्याशी थोडी हिरवी राहिलेली फळेही पुष्कळदा उत्तम निघतात. फळ तळहातावर घ्यावे आणि त्याच्या आकाराच्या मानाने ते जड लागते की नाही हे पाहावे. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबता साल आत दबून गेली, तर फळ जास्त पिकून साल आणि फोडी यांच्यामध्ये पोकळी पडली आहे असे समजावे. कोळशीचा काळा थर वरवरचा असून फडक्याने पुसला जातो, त्यास भिण्याचे कारण नाही. खरे भय आहे ते रस शोषणाऱ्या पतंगाने रात्री सोंड खुपसून पाडलेल्या सुईएवढ्या छिद्राचे, कारण त्याच्या भोवती फळ सडत जाते आणि एक सडलेले फळ शेजारच्यांना सोबत घेते.

तोडणी ओढून करीत नाहीत. कात्रीने देठ फळालगत अगदी बेताने कापला जातो. तो उपटला तर साल फाटते, लांब राहिला तर शेजारच्या सालीत रुततो. पुढे झाडाखाली बायका राशीभोवती बसून प्रतवारी करतात, मोठे एकीकडे, मध्यम दुसरीकडे, लहान म्हणजे चुरी तिसरीकडे. आणि हे काम करणाऱ्या एका मावशींची बोटे इतकी जाणती होती, की नजर आमच्याकडे असताना त्यांनी डागी फळ वेगळे काढले. त्या कौशल्याची मजुरी फळाच्या भावात कोठे दिसते, याचा विचार गिऱ्हाइकाने अवश्य करावा. मी मध्यम फळेच घेतली. संधिवाताने आखडलेल्या बोटांना सैल सालीचे, मुठीत मावणारे संत्रे सोलता येते, दुसऱ्याकडे मागावे लागत नाही, आणि म्हातारपणी हे सुख लहान नव्हे.

तेव्हा वाचकांना माझी आग्रहाची शिफारस आहे, की डिसेंबरात या बाजूने जाणे झाले तर हमरस्त्यावरील ढिगावर न थांबता बागेत जावे, भाव करताना मजुरी ध्यानात ठेवावी, आणि पेटी घरी पोचताच उघडून, डागी फळ बाजूला काढून, उरलेली टोपलीत हवा खेळेल अशी मोकळी मांडावी.